मॅकबेथ नवरा-बायको, पन्नास मिनिटांत : तालमीच्या नोंदी

सांगलीत आम्ही पाच हौशी नट, लाइट बघणारा एक कॉलेजचा मुलगा आणि मी, असे मिळून शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधले फक्त नवरा-बायकोचे प्रवेश मराठीत करतोय. भाषांतर माझं, दिग्दर्शनही माझंच, त्यामुळे चुका कुणाच्या हे शोधत बसावं लागत नाही. असलंच काही करायचं कुणाच्या डोक्यात असेल तर निदान आमच्याच खड्ड्यात पडू नये, म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय.

९ जून

संहिता कापली. ठेवलेले प्रवेश: अंक १ मधले ५ आणि ७, अंक २ मधला २, अंक ३ मधले २ आणि ४, अंक ५ मधला १ आणि ५ व्याचा एक तुकडा. बाकी सगळं गेलं, चेटकिणीसुद्धा. पहिल्याच बैठकीत दोघांनी ऐकवलं, "चेटकिणी नाहीत तर कसला मॅकबेथ?" पण बायकोला चेटकिणी कुठं भेटतात? तिला त्यांचं कळतं ते नवऱ्याच्या पत्रातून, आणि तेवढ्यावर ती राजाला मारायचं ठरवून मोकळी होते. प्रेक्षकालाही तेवढंच कळलं तर काय बिघडलं.

नावं स्कॉटलंडचीच ठेवली. मराठीत हे नाटक पूर्वी देशी वेषात येऊन गेलेलं आहे, शि. म. परांजप्यांचं 'मानाजीराव' आणि नंतर शिरवाडकरांचं 'राजमुकुट'. तो घाट आपल्याला पेलणारा नाही. राजा डंकन तो डंकनच.

एक अडचण गमतीची. बाईला नावच नाही. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, ती 'मॅकबेथची बायको' म्हणून येते, संवादांपुढं नुसतं 'लेडी'. तालमीत हाक काय मारायची? शेवटी 'बाई' ठरलं. या नोंदींतही बाईच.

१४ जून

पहिलं वाचन. साफ आपटलं.

अख्खा मे महिना मी छंदोबद्ध भाषांतरात घालवला होता. मूळ पद्यात आहे म्हणून आपलंही पद्यात हवं, ही हौस. पाचव्या पानावर मॅकबेथ करणाऱ्याचा श्वास संपला आणि माझाही धीर. 'मिल्क ऑफ ह्युमन काइंडनेस'चं मी 'मानवतेचं दुग्ध' केलं होतं. बाई करणारी म्हणाली, "ताई, हे दूध संघाच्या जाहिरातीसारखं वाटतंय." आता ते असं आहे: "तुझ्या अंगात मायेचं दूध जरा जास्तच आहे." सगळी ४१ पानं बाद. गद्यात पुन्हा लिहायला नऊ दिवस.

जे हे करतील त्यांना एकच सांगणं, लिहिलेलं पहिल्या आठवड्यातच नटाच्या तोंडून ऐका. मी महिनाभर स्वतःच्याच तोंडून ऐकत बसले.

१९ जून

पत्रावर अडलोय. मॅकबेथ बायकोला लिहितो, 'माय डिअरेस्ट पार्टनर ऑफ ग्रेटनेस'. 'भागीदार' लिहिलं की गूळ अडत्याची पेढी डोळ्यांपुढं येते. 'सहचारिणी' म्हटलं की लग्नपत्रिका. दोन संध्याकाळी गेल्या. मग डॉक्टर करणारे काका सहज म्हणाले, "वाटेकरी म्हणा की. पापाचा असतो तसा मोठेपणाचा."

"माझ्या थोरवीच्या लाडक्या वाटेकरणी." बसलं.

आणि त्या शब्दासरशी वाल्या कोळी आठवला. वाल्या बायकोला विचारतो, माझ्या पापात वाटा घेशील का, आणि ती नाही म्हणते. इथं सगळं उलटं. बायको वाटा मागून घेते, दोन्ही हातांनी, आणि पुढं नवराच तो द्यायचं बंद करतो. मला या नाटकात करायचं आहे ते हे. वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

२३ जून

तीन दिवस फुकट. खरा मॅकबेथ शोधत बसले. त्यानं १०४० ते १०५७ अशी १७ वर्षं राज्य केलं, डंकन मेला तो लढाईत, झोपेत कुणी भोसकला नाही. बायकोचं नाव ग्रुओख, तिला आधीच्या नवऱ्यापासून लुलाख नावाचा मुलगा. मग नाटकातली बाई "मी पाजलंय" म्हणते ते मूल कोणतं, यावर पानभर टिपण केलं. तालमीत वाचून दाखवलं. मॅकबेथ करणाऱ्यानं विचारलं, "ह्यातलं मी स्टेजवर काय करू?" काहीच नाही. टिपण फाईलला.

२८ जून

आजचं भांडण तू-तुम्हीवरून. मी पहिल्या खर्ड्यात बाईला सगळीकडं "अहो" दिलं होतं. जुना काळ, सरदार घराणं. ऐकायला दुपारच्या मालिकेसारखं. "अहो, त्या डंकनला मारायचं ना?" म्हटल्यावर लाइटवाला पोरगा हसून खुर्चीवरून घसरला.

सगळीकडं "तू" करून पाहिलं. त्यानं पहिला प्रवेश एकदम जिवंत झाला, पण तिसऱ्या अंकात दोघांमधलं अंतर दिसेना. मूळ उघडून सर्वनामांवर पेन्सिलीनं गोल केले. बाई नवऱ्याला 'दाऊ', म्हणजे 'तू', म्हणते ती अंक १ मध्ये. राजा मेल्यानंतर तिच्या तोंडी नवऱ्यासाठी 'यू', म्हणजे 'तुम्ही', आहे, 'माय लॉर्ड' आहे आणि एका जागी चक्क 'सर'. अंक १ मध्येही मधेमधे 'यू' येतंच, तेव्हा याला नियम म्हणता येणार नाही. पण आपल्या भाषेत ही सोय तयार आहे, ती वापरायची नाही तर कशाला मराठीत करायचं?

ठरलं: आधी तू, मग आपण. कुठून बदलायचं ते तालमीत.

५ जुलै

अंक १ प्रवेश ७. राजा आत जेवतोय, मॅकबेथ जेवण सोडून बाहेर आलाय. यावर आठ तालमी झाल्या आणि पहिल्या सहा वाया.

चूक अशी की आम्ही ते जोरात भांडत होतो. तो ओरडे, ती त्याहून वरच्या पट्टीत. पाहुणे पलीकडच्या खोलीत आहेत हेच विसरलो. तिसऱ्या मिनिटाला कान बंद व्हायचे आणि खुनाचं काय ठरलं ते कळायचंच नाही.

तिढा सुटला तो एका बारीक गोष्टीवर. एकटा असताना मॅकबेथ खरी कारणं बोलतो: डंकन माझा नातलग, माझा राजा, आज माझ्या घरी पाहुणा; मारेकऱ्याला दार बंद करायचं सोडून मीच सुरी घेऊ? बायको आल्यावर यातलं एक अक्षर तो तिला सांगत नाही. सांगतो काय, तर "राजानं नुकताच मान दिलाय, लोक आत्ता कुठं चांगलं बोलायला लागलेत, तो मान एवढ्यात कशाला टाकायचा." म्हणजे पाप वाटतंय हे बायकोपाशी कबूल करायला लाजतो आणि हिशेबाचं कारण पुढं करतो. हिशेबात ती त्याच्यापेक्षा हुशार. मग काय, दोन मिनिटांत गुंडाळते त्याला.

हे कळल्यावर मी दोघांना आवाज काढायचीच बंदी घातली. कुजबुजत करा, पलीकडं सासरे जेवतायत समजून. जमलं.

'मॅन' या शब्दाचं मराठीत फावलं. तो म्हणतो, "माणसाला शोभेल ते सगळं करायची धमक आहे माझ्यात. त्यापलीकडं जाईल तो माणूस नव्हे." ती उत्तर देते ते मात्र मर्दावर: "मला हे बोलून दाखवलंस तेव्हा मर्द होतास तू." तो माणूस म्हणतो, ती मर्द ऐकते. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द.

राहिलं ते बाळाचं वाक्य. बाई करणारीला स्वतःचं दहा महिन्यांचं मूल आहे, तालमीला सासूबाई त्याला घेऊन मागं बसतात. मी लिहिलं होतं, "माझ्याकडं बघून हसत असताना त्याच्या बोळक्यातून स्तन ओढून काढला असता आणि..." ती 'बोळक्यातून'पर्यंत आली, मागं बघितलं आणि थांबली. पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, सासूबाईंना घरी ठेवून, आणि ते वाक्य असं म्हणाली की जणू उद्या डब्यात काय ते सांगतेय. मी काही बोलले नाही. तसंच ठेवलंय.

१२ जुलै

"फसलो तर?" या दोन शब्दांच्या भीतीला बाई काय उत्तर देते यावर एक आख्खी तालीम. फोलिओत तिच्या 'वी फेल'पुढं प्रश्नचिन्ह आहे, पण त्या काळी उद्गाराच्या जागीही तेच चिन्ह छापत, त्यामुळे छापखाना काही मदत करत नाही. अठराव्या शतकातली इंग्रज नटी सारा सिडन्स आयुष्यात हे तीन तऱ्हांनी म्हणाली: आधी तुच्छतेचा प्रश्न, मग आश्चर्य, शेवटी सरळ पूर्णविराम.

आम्हीही तिन्ही केले. "आपण? फसणार?" हे नाटकी. "फसलो!" हे कळेचना. तिसऱ्याला मराठीत आयतं रूप आहे: "फसलो तर फसलो." परीक्षेच्या निकालाला, पेरणीला, लग्नाला, सगळ्याला म्हणतात तसं. इतकं घरगुती की अंगावर काटा येतो.

१८ जुलै

खुनाची रात्र. मूळ संवाद एकेका शब्दाचे आहेत आणि मराठीत ते तितकेच आखूड होतात:

"तू बोललास?"
"कधी?"
"आत्ता."
"खाली येताना?"
"हो."

इथंच 'आपण' सुरू करून पाहिलं, कारण मुळात 'यू' आहे. "आपण काही बोललात का?" हाताला राजाचं रक्त आणि ही विचारतेय 'आपण काही बोललात का'. सगळे हसले, मीही. 'तू' परत.

दारावरचे ठोके. फोनवरचा आवाज स्पीकरमधून सोडला, कुणीतरी टेबल बडवतंय इतकंच वाटलं. पत्रा बडवला, तो पावसासारखा. शेवटी घरून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता नेला आणि शाळेच्या मागच्या लाकडी दारावर खरोखर ठोकलं. मी पुढच्या रांगेत दचकले. ठोके चारदा येतात. दुसऱ्यांदा ठोकल्यावर शाळेचा वॉचमन धावत आला आणि कुणी अडकलंय समजून त्यानं दार उघडलं. बत्ता हातात घेतलेले काका आणि टॉर्च घेतलेला वॉचमन, दोघंही थेट राजवाड्यात. वॉचमनला आता आधी सांगून ठेवतो.

२४ जुलै

रक्त. हे नीट वाचा, यात आमचे पैसे आणि एक पांढरी चादर गेली.

पहिला प्रयोग: काकवी आणि खायचा लाल रंग. आमच्याकडं काकवी स्वस्त आणि घट्ट, लाइटखाली दिसते पण झकास. पण दुसऱ्या दिवशी खंजिरांच्या पिशवीत मुंग्यांची जत्रा, झग्याची बाही खडखडीत. आणि खायचा रंग कातडीवरून निघतच नाही. बाई करणारी तांबडे तळवे घेऊन दुसऱ्या दिवशी बँकेत कामाला गेली. "अहो मॅडम, मेंदी का?" असं तीन ग्राहकांनी विचारलं म्हणे.

"थोडंसं पाणी, की झालं, सुटलो यातून," हे बाईचंच वाक्य. आमच्याकडं तीन बादल्या लागल्या.

खरी अडचण वेळेची. कापलेल्या संहितेत खुनानंतर लगेच राणी म्हणून तिचा प्रवेश येतो, मध्ये ४० सेकंद. तेवढ्यात हात स्वच्छ हवेत. दुसरा प्रयोग: हात धुवायचा लिक्विड साबण, त्यात लाल रंग अगदी थोडा, वर चमचाभर कोको पावडर. रक्तात मुळातच साबण असल्यामुळे विंगेतल्या एका ओल्या टॉवेलानं निघतं. हात चोळले तर फेस येतो, म्हणून स्टेजवर चोळायचे नाहीत, बोटं फाकवून धरायची. ते दिसतंही बरं. तोंडाला, डोळ्याला मात्र लावू नका.

खंजीर दोन. जत्रेतले प्लास्टिकचे वाजतात खेळण्यासारखे. फॅब्रिकेशनवाल्याकडून अॅल्युमिनियमच्या पट्टीचे करून घेतले, धार नाही, टोक गोल.

२ ऑगस्ट

सात दिवस तालीम नाही. कृष्णा चढली. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, तिच्या जवळ पाणी गेलं की आमच्याकडं लोक सामान माळ्यावर टाकायला लागतात. मॅकबेथ करणारा सांगलीवाडीचा, नदीपलीकडं. त्यानं येऊ नये हेच बरं.

फोनवर संवाद म्हणून घेतले. अंक ३ प्रवेश २ फोनवर इतका चांगला झाला की मी वैतागले. खोलीत समोरासमोर तो कधीच जमला नव्हता. चेहरा दिसत नाही, पलीकडचा काय करतोय माहीत नाही, मध्येच आवाज तुटतो. प्रवेश तोच तर आहे.

८ ऑगस्ट

पाणी उतरलं. फोनवर मिळालं ते स्टेजवर आणलं: दोघं दोन टोकांना, मध्ये नोकर.

मुळात नोकर आहेच. आता राणी झालेली ही बाई नोकराला सांगते की महाराजांना सांग, सवड असेल तर दोन शब्द बोलायचे आहेत. स्वतःच्या नवऱ्याला भेटायला निरोप. 'आपण' इथून सुरू. "महाराज, आपण एकटे का असता हल्ली?"

आणि तो? तो तिला 'तू'च म्हणतो, प्रेमानंही बोलतो. "डोक्यात विंचवांचा बुजबुजाट झालाय गं माझ्या." त्याच्या जरा आधी सांगतो की आज रात्री जेवताना बँकोला, म्हणजे त्याच्या जुन्या सोबत्याला, विशेष मान दे. बँकोवर मारेकरी घातलेत त्यानंच. बायकोशी सरळसरळ खोटं. ती विचारते, काय करणार आहात? त्यावर तो म्हणतो, 'डिअरेस्ट चक'. हे पिलाला म्हणतात तसं लाडाचं नाव. मी 'चिमणे' केलं: "तुला कळायलाच नको, चिमणे. झालं की मग वाहवा कर."

वाटेकरणीचा वाटा इथं संपला. पत्रात थोरवीची अर्धी मालकीण होती, आता वाहवा करायला ठेवली आहे. अंक १ मधल्या भांडणात दोघं एकमेकांच्या जितके जवळ उभे असतात तितके इथं गोड बोलताना नसतात, म्हणून तिथं मी त्यांना एका फरशीवर उभं केलंय आणि इथं आठ फरशा मोजून.

एक भोक बुजवावं लागलं. मारेकऱ्यांचा प्रवेश आम्ही कापलेला, त्यामुळे तो खोटं बोलतोय हे प्रेक्षकाला कळणार कसं? शाळेतले दोन शिक्षक बघायला बसले होते, त्यांना कळलंच नाही. आता प्रवेशाआधी २० सेकंद: मॅकबेथ दोन माणसांशी बोलतोय, बाई मागून जाते, तिघंही गप्प. त्या २० सेकंदांत तिचे हातही पुसून व्हायला हवेत, म्हणून ती टॉवेल लपवून जाते. कुणाला दिसत नाही.

१४ ऑगस्ट

मेजवानी. बँकोचं भूत दाखवायचं नाही हे पैशांमुळं ठरलं, सहावा नट नाही. रिकामं स्टूल. लाइटवाल्या पोरानं हौसेनं त्यावर लाल स्पॉट टाकला. सुंदर दिसला आणि प्रवेश मेला, कारण आम्हाला लाल दिसतंय आणि बाईला दिसत नाही म्हणजे बाई मूर्ख ठरते. स्पॉट काढला. आता प्रेक्षक बाईच्या बाजूनं बघतो: नवरा स्टुलाकडं बघून ओरडतोय, घरात पाहुणे, अब्रू हिनं सांभाळायची. "बसा, बसा. यांना लहानपणापासून होतं असं." हे वाक्य म्हणताना बाई करणारी उगीचच टेबलावरचा पेला सरळ करते. तिचं तिनंच आणलं.

पाहुण्यांना ऐकू जाणार नाही असं ती त्याच्या कानात म्हणते, "मर्द आहेस ना तू?" तिथं आम्ही 'तू' परत आणलाय. जुनं हत्यार. अंक १ मध्ये चाललं होतं, आज चालत नाही.

मग "मानपान राहू द्या, निघा आता" म्हणून ती सगळ्यांना घालवते, आणि दोघंच उरतात. इथं आमची मोठी चूक. आम्ही इतक्या वेळ दाबलेलं भांडण इथं बाहेर काढलं. तिनं पेला फेकला, त्यानं टेबल उलटवलं. मंडपवाल्याचं टेबल, २५० रुपये भरपाई. वाईट याचं की सगळं खोटं वाटत होतं.

पुन्हा मूळ बघितलं. पाहुणे गेल्यावर बाईला फक्त तीन ओळी आहेत. रात्र किती झाली यावर एक. मॅकडफ सरदाराला बोलावणं गेलं होतं का, यावर एक. तो 'सर' इथंच येतो. आणि शेवटी, आपल्याला झोप नाही, झोप हवी. बस्स. खुनासाठी जिनं पानंच्या पानं बोलून त्याला उभं केलं तिला आता तीन ओळी. तो रक्तात किती आत आलोय ते बोलतो, ती ऐकतही असेल नसेल. यानंतर दोघं एका स्टेजवर जिवंत भेटतच नाहीत.

आता ती उष्टी भांडी एकात एक घालत असते. "आपण बोलावणं धाडलं होतंत का?" वर न बघता. भांड्याचा आवाज होऊ नये याची काळजी घेत. टेबल उलटवण्यापेक्षा हे फार कठीण, त्यावर चार तालमी गेल्या.

२० ऑगस्ट

झोपेतला प्रवेश, आणि मेणबत्ती. एका हातात मेणबत्ती असेल तर हात धुवायचे कसे? सिडन्सनं १७८५ साली लंडनच्या ड्र्युरी लेनमध्ये ती सरळ खाली ठेवली, आणि तोवरची परंपरा मोडते म्हणून थिएटरचा मालक शेरिडन नाराज होता. आम्ही अडीचशे वर्षांनी त्याच जागी अडलो आणि तेच केलं. बॅटरीवरची मेणबत्ती दिवाळीच्या माळेसारखी लुकलुकते, ती नको. खरी, जाड काचेच्या पेल्यात, पंखे बंद. पंखे बंद म्हणजे प्रेक्षक घामाघूम, पर्याय नाही.

बाई पहिल्यांदा येते ती पत्र वाचत, गद्यात, आणि शेवटचं जाते तीही गद्यात. मधलं सगळं पद्य. आमचं सगळंच गद्य, तेव्हा हा फरक गेला. त्याची भरपाई म्हणून झोपेतली वाक्यं मोडकी ठेवलीत. "एक. दोन. चला, वेळ झाली." "म्हाताऱ्याच्या अंगात एवढं रक्त असेल असं वाटलं होतं का कुणाला?"

एक ढवळाढवळ कबूल करते. मुळात झोपेतही ती नवऱ्याला 'माय लॉर्ड' म्हणते. आमची बाई झोपेत 'तू' म्हणते. "हात दे तुझा. झालेलं पुसता येत नाही. चल, झोपायला चल." काकांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं बरोबरही असेल.

२६ ऑगस्ट

"राणीसाहेब गेल्या, महाराज." यावर मॅकबेथचं उत्तर भाषांतरात दोन तुकडे होतं. 'शी शुड हॅव डाइड हिअरआफ्टर' याचा अर्थ 'कधीतरी जाणारच होती' असाही आणि 'आत्ता जायला नको होती' असाही. पहिलं दगड, दुसरं नवरा. मराठीत दोन्ही एकाच वाक्यात बसेना. सात रूपं लिहिली. सध्या "नंतर जायची होती ती" वर थांबलोय, आणि पुढं मोठा श्वास. ते 'उद्या, उद्या' सुरू होण्याआधी तो जितका वेळ गप्प राहतो तितका वेळ चालून जातं.

१ सप्टेंबर

प्रयोग झाला. ५४ मिनिटं.

'चिमणे'वर मागच्या रांगेत हशा. मॅकबेथ बावचळला आणि पुढचं वाक्य गिळलं. 'फसलो तर फसलो'वर टाळ्या, त्या तर नकोच होत्या. ठोके मस्त. मेणबत्ती टिकली. भांड्यांच्या वेळी हॉलमध्ये खोकलासुद्धा नव्हता, पण पंखे बंद असल्यामुळं लोक मलूल झाले होते असंही असू शकेल.

खर्च: हॉल ६,५००, लाइट ९,०००, कपडे ७,२००, शाळेची वीज १,५००, खंजीर १,१००, रक्त ६४०, टेबल-स्टूल भरपाईसकट ८००, झेरॉक्स ९००, चहा-वडापाव ३,८६०. एकूण ३१,५००. तिकीट १०० रुपये, विकली १३७, म्हणजे १३,७००. खड्डा १७,८००. दोन विद्यार्थ्यांना सूट देऊन बाकीच्या पाच जणांनी वाटून घेतला, प्रत्येकी ३,५६०. मॅकबेथ करणाऱ्याच्या बायकोनं विचारलंय की पुढच्या वेळी तिला आधी सांगणार का.

४ सप्टेंबर

दुसरा प्रयोग गणपतीनंतर, कारण त्याआधी लाइटवाला मिळणार नाही. बदल: 'चिमणे' हळू, जवळजवळ स्वतःशी. पंखे पाचव्या अंकातच बंद करायचे, आधी नाही. मारेकऱ्यांच्या २० सेकंदांचे ३० करायचे, टॉवेल पडता पडता राहिला. काकांनी झोपेतल्या 'तू'वर दीड पानाचं पत्र लिहून दिलंय, ते वाचायचंय.

बँकोचं स्टूल मंडपवाल्याला परत करायचं राहून गेलं. दिवसाला २० रुपयांनी भाडं चढतंय.